पोरांचं तू ऐकतेस, तुझं कोण ऐकतं?

अनेक आशीर्वाद.

दिवाळीनंतर वर्ग निम्मा रिकामा झाला आणि मागे राहिलेली पोरं हाताबाहेर गेली, असं तू लिहिलंस. बऱ्याच खाली, जाता जाता लिहावं तसं, हेही लिहिलंस की रविवारी संध्याकाळपासूनच तुझ्या पोटात गोळा येतो. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

आधी पोरांचं बोलू. तुझ्या बीडकडच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेऊन खर्च झालेली असते, त्यामुळे ‘जायचं का’ हा प्रश्नच उरत नाही. साखर कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह असतं, दोन वेळचं जेवण मिळतं, आणि ती योजना चांगलीच आहे. तरी सात वर्षांच्या पोराला रात्री जाग येते तेव्हा शेजारी आई नसते, हे कुठल्याच योजनेत बसत नाही.

अशा पोराचं शरीर सतत सावध असतं. बाक सरकल्याचा आवाज झाला तरी दचकतं, कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तरी अंगावर येतं. काही पोरं उलट अगदी गप्प होतात आणि आपण त्यांना ‘शहाणी’ म्हणून मोकळे होतो. गप्प पोराकडे आधी बघ, असं मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगायचे. दंगा करणारं आपलं दुखणं निदान सांगत तरी असतं.

वर्गात करायच्या गोष्टी साध्या आहेत. रोज परिपाठानंतर काय होणार, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं आणि तसंच करायचं. बदल असेल तर आधी सांगायचं. रजेवर जाणार असशील तर आदल्या दिवशी सांग, परत कधी येणार तेही सांग, कारण या पोरांच्या आयुष्यातली माणसं न सांगता जातात. पहाटे ट्रॅक्टर निघतो आणि पोर उठेपर्यंत घर रिकामं झालेलं असतं. ‘माझी आई’ हा निबंध नोव्हेंबरात देऊ नकोस. आणि ‘आईची आठवण येते का रे?’ असं चारचौघांत कधी विचारू नकोस. पोर आपणहून बोललं तर ऐक, बोललं नाही तर त्याला चित्र काढू दे, मातीत खेळू दे. छडी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने गेली, ते उत्तमच झालं. पण तिच्या जागी शिक्षकाच्या हाती काय द्यायचं, याचा विचार फारसा कुणी केला नाही.

आता तुझं. सबंध वर्गाचं दुःख रोज ऐकणाऱ्या माणसाला ते लागतंच. लिसा मॅककॅन आणि लॉरी पर्लमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये याबद्दल लिहिलं. आघात सोसलेल्यांबरोबर काम करता करता मदत करणाऱ्याचंच जगाकडे बघणं बदलत जातं, विश्वास उडतो, रात्री नको ती चित्रं दिसतात. त्यांनी ते समुपदेशकांबद्दल मांडलं होतं. तुझ्याकडे तर समुपदेशकाची खोलीही नाही, भेटीची ठरलेली वेळही नाही. पोरं दिवसभर समोरच असतात. त्यातून तू स्वतः ऊसतोड करणाऱ्यांची मुलगी. आजीजवळ राहून शिकलीस. हजेरी घेताना तिसरीतल्या त्या मुलीकडे तुला बघवत नाही, असं लिहिलंस ना? मग तुझ्यापुढे फक्त ती बसलेली नसते गं.

यात कमीपणा नाही. उलट तुला जे न सांगता कळतं, ते शहरातून आलेल्या शिक्षकाला वर्षभर कळायचं नाही. पण ते कळणं एकटीने वाहिलं की दोनपैकी एक होतं. एक तर तू चिडचिडी होशील, किंवा तुला काहीच वाटेनासं होईल. मला दुसऱ्याची जास्त भीती वाटते. चिडणारी बाई निदान संध्याकाळी हळहळते.

यावरचा उपाय म्हणून एक दिवसाचं ‘तणावमुक्ती’ प्रशिक्षण असतं. प्राणायाम, टाळ्या, हसणं, गट फोटो. वाईट नाही, पण सोमवारी शाळेत काही बदललेलं नसतं. दुसरा थकवा आहे तो ऑनलाइन माहितीचा, पोषण आहाराच्या नोंदींचा, बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या, कामाचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांपलीकडची अशैक्षणिक कामं देऊ नका असं म्हणतं, आणि निवडणुकीच्या दारातून बरंच काही आत येतं. हा थकवा बोलून जाणारा नाही. तिथे काम कमी व्हावं लागतं, त्यासाठी संघटनेतून भांडावं लागतं. मनाच्या गप्पांनी कामाचा बोजा झाकायला निघालेल्यांपासून जरा सांभाळून राहा.

मी सांगतेय ती गोष्ट वेगळी आहे. १९७०च्या दशकात मिशिगनमध्ये सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन तान्ही मुलं आणि त्यांच्या आयांबरोबर काम करत. त्या कामाच्या परंपरेत एक पद्धत रुजली. घरभेटी करणाऱ्या प्रत्येकीने ठरलेल्या वेळी एका अनुभवी माणसासमोर बसायचं आणि तिथे काय घडलं, आपल्या आत काय झालं, हे शांतपणे उलगडायचं. ठरावीक अंतराने, दोघांनी मिळून, घाई न करता. बस, एवढंच. तपासणी नाही, गुण नाहीत.

तिकडे यालाही पर्यवेक्षणच म्हणतात, पण आपल्याकडे पर्यवेक्षण म्हटलं की शेरेबुक निघतं. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारी केंद्रप्रमुख म्हणून मीही ते वर्षानुवर्षं भरलं. पण जो तुझा गोपनीय अहवाल लिहितो, त्याच्यासमोर तू ‘मला त्या पोराचा राग येतो’ असं म्हणशील का? शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायच्या पहिल्या तीन वर्षांत तर नक्कीच नाही. म्हणून हा माणूस साहेबांच्या साखळीबाहेरचा हवा. शेजारच्या शाळेतली जुनी बाई चालेल, निवृत्त मुख्याध्यापक चालेल. दोघी-तिघींचा गटही चालतो, फक्त त्यात एकीने तरी नुसतं ऐकायचं काम घ्यावं.

एका वेळी एकच प्रसंग घ्यायचा. आमच्या केंद्रात एक बाई होत्या, त्यांचा एक विद्यार्थी रोज खडू पळवायचा. क्षुल्लक गोष्ट, पण बाई थरथरायच्या. बोलता बोलता निघालं, की त्या स्वतः लहानपणी वसतिगृहात वाढल्या, तिथे साबणाची वडीसुद्धा मोजून मिळायची. मी विचारलं, ‘तो खडू घेतो तेव्हा तुमच्या अंगात काय होतं? आणि त्या वेळी त्याला तुमचा चेहरा कसा दिसत असेल?’ बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. खडू जाणं थांबलं का? बरेच दिवस नाही. पण बाईंचा आवाज खाली आला, आणि मग ते पोर त्यांच्या टेबलाजवळ घुटमळायला लागलं.

ऐकणाऱ्याने निम्मा वेळ तरी सल्ला देऊ नये. आपल्या मास्तर लोकांना हे फार जड जातं, मलाही जायचं.

दोन बाबतीत मात्र कडक राहा. पोराचं नाव, घर, जात बैठकीत काढायची नाही. छोट्या गावात बातमी पायाने चालत नाही. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर तो बैठकीसाठी राखून ठेवायचा विषय नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तुला तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावाच लागतो. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही फोन करता येतो. पोराला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस, तपास हे तुझं काम नाही. कळवून झाल्यावर मात्र लगेच कुणाजवळ तरी बस, कारण गावाचा रोष आधी तुझ्याकडेच येईल.

ही बैठक म्हणजे उपचार नव्हेत, हेही लक्षात ठेव. आठवडे-आठवडे झोप लागली नाही, जेवण जाईना झालं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्याकडे ये. एसटी चुकली तर फोनवर बोलू, पण वार बदलायचा नाही. सोबत त्या तिसरीतल्या मुलीचा एखादा प्रसंग आण, घडला तसा. लिहून आणायची गरज नाही. शेजारच्या वस्तीवरच्या शाळेत तुझ्याबरोबरच लागलेली ती दुसरी मुलगी येत असेल तर तिलाही विचार.

तुझी,
बाई