गच्चीवर पहिल्यांदा टोमॅटो लावतोयस ना, मग हे वाच

अरे पहिल्याच वर्षी वीस कुंड्या नको मांडूस, चारच घे पण मोठ्या घे, निदान १२ इंची, छोट्या कुंडीत टोमॅटोची मुळं गुदमरतात. आणि आपल्या नाशिकची काळी माती नुसती भरू नकोस, कुंडीत ती दगडासारखी बसते आणि वाळली की कडेने भेगा पडतात, मग वरून घातलेलं पाणी सरळ खाली निघून जातं. निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बस.

पाण्याचं मात्र नीट ऐक. बोट दोन पेरं मातीत घाल, ओलं लागलं तर पाणी नाही. माझ्या पहिल्या झाडाला फळं मस्त धरली आणि सगळ्यांची बुडं काळी पडली, मी रोग समजून फवारत बसले, खरं तर कधी कोरडं कधी चिखल असं झालं की फळाला कॅल्शियम पोचत नाही त्याने होतं ते.

पांढरी माशी दिसली की संध्याकाळी नीमतेल, लिटरला ५ मिली, साबणाचे दोन थेंब टाकून, पानांच्या खालून मार. पानं पार चुरडली असतील तर झाड उपटून टाक, जीव तुटतो पण शेजारची वाचतात.

रोपं पाऊस ओसरला की लाव.