डॅक नंतर, आधी जॅक

प्रश्न : आमच्या भजनी मंडळासाठी एकाच मॉडेलचे दोन छोटे म्युझिक प्लेअर घेतले, एक बेळगावच्या खडेबाजारात आणि दुसरा ऑनलाइन. खोकी सारखी, दोन्हींवर 'हाय-फाय डॅक' छापलेलं. तेच अभंग, तोच इअरफोन. तरी एकात पखवाजाच्या डाव्या तोंडाचा घुमारा भरून येतो आणि दुसऱ्यात नुसती टकटक ऐकू येते. आत कोणती डॅक चिप आहे ते कसं ओळखायचं? उघडायची तयारी आहे. – एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : उघडण्याआधी एक करून बघा. टकटकणारा प्लेअर मंडळाच्या अॅम्प्लिफायरच्या लाइन इनपुटला जोडा आणि तोच अभंग लावा. घुमारा परत आला, तर डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचं आवाजात रूपांतर करणारा भाग, निर्दोष आहे. माझ्या टेबलावर अशी तक्रार आली की मी हे पहिलं बघते, कारण स्वस्त प्लेअरमधला खर्ज बहुतेक वेळा डॅकमध्ये नाही, डॅक आणि इअरफोनच्या जॅकच्या मधे हरवतो.

मधे बहुधा दोन कपॅसिटर असतात, एक डाव्या कानाचा आणि एक उजव्या. त्यांचं काम डीसी (एकाच दिशेचा स्थिर प्रवाह) अडवून फक्त गाणं पुढे सोडायचं. कपॅसिटर लहान असला की गाण्यातला खालचा भागही अडतो. ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १६ ओहमचा इअरफोन असेल, तर सुमारे २१२ हर्ट्झच्या खाली आवाज उतरू लागतो. पखवाजाचा घुमारा त्याच्याही खालचा. तिथेच २२० मायक्रोफॅरड असेल तर ही मर्यादा ४५ हर्ट्झवर जाते. अॅम्प्लिफायरचा इनपुट हजारो ओहमचा असतो, म्हणून तिथे लहान कपॅसिटरनेही काही बिघडत नाही.

आता उघडा. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कड सोडवा, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालू नका. आतली लिथियमची पिशवी-बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. आधी बॅटरीची तार सोडवा. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून (दोन जागा तारेने जोडलेल्या असल्या की तो वाजतो) जॅकपासून मागे चाला. पिनचं टोक म्हणजे डावा कान, मधली कडी उजवा, बुंधा ग्राउंड. टोकाचा ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) कुठल्या भागाशी जातो ते बघा. पिवळा किंवा काळा चौकोनी टँटलम कपॅसिटर दिसला तर त्यावरचा आकडा वाचा : ४७६ म्हणजे ४७ मायक्रोफॅरड, १०७ म्हणजे १००, २२७ म्हणजे २२०. दोन्ही प्लेअर शेजारी ठेवून हे आकडे ताडून बघा, तुमचं उत्तर बहुधा तिथेच मिळेल. खोकं सारखं म्हणून बोर्ड सारखा असं नसतं. माल बदलला की आतले भागही बदलतात.

कपॅसिटर सापडलेच नाहीत तर जॅकचं ग्राउंड आणि बॅटरीचा मायनस यांत बीप येतो का बघा. बीप नाही आणि बॅटरी परत जोडून प्लेअर चालू केल्यावर दोन्हींत दीड व्होल्टच्या आसपास दाब दिसतो, तर ते खरं ग्राउंड नव्हे. असा प्लेअर चार्जिंगला लावलेला असताना अॅम्प्लिफायरला कधीही जोडू नका, आउटपुट शॉर्ट होऊ शकतो.

कपॅसिटरच्या पलीकडे ट्रॅक ज्या चिपमध्ये शिरतो, तीच बहुधा तुमची डॅक. बहुतेक स्वस्त प्लेअरमध्ये ती सगळ्यांत मोठी चिप असते. प्रोसेसर, डॅक आणि इअरफोनचा अॅम्प्लिफायर, सगळं तिच्याच पोटात. यात कमीपणा नाही. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिप प्लसमध्येही वेगळी डॅक नव्हती, एएस३५२५ या एकाच चिपवर सगळं चालायचं, आणि त्याच्या स्वच्छ आवाजाची आजही तारीफ होते. उलट आयपॉड व्हिडिओत वुल्फसनची डब्ल्यूएम८७५८ वेगळी बसवली होती. वेगळी डॅक असेल तर तिचं नाव सहसा सीएस, डब्ल्यूएम, एके, ईएस किंवा पीसीएमने सुरू होतं.

आठ पायांची चिप दिसली की लोक तिलाच डॅक समजतात. नाव २५ ने सुरू होत असेल तर ती मेमरी. ८००२ म्हणजे स्पीकरचा अॅम्प्लिफायर. आरडीए५८०७ ही एफएमची चिप, आणि ६६२के लिहिलेला तीन पायांचा भाग ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर.

कपॅसिटर लहान निघाले तर सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाकडून २२० मायक्रोफॅरडचे बसवून घ्या, टँटलमवरची पट्टी प्लसची असते हे त्याला सांगा. नाहीतर ३२ ओहमचा इअरफोन वापरा, मर्यादा निम्म्यावर येते.

प्रश्न : चिपवरचं नाव दिसतच नाही. – एक वाचक, निपाणी

उत्तर : आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वर खडूची भुकटी हलक्या बोटाने चोळा आणि टॉर्च आडवा धरा. लेसरने कोरलेली अक्षरं पांढरी होऊन उठतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करा. कारखान्यातच अक्षरं घासलेली असतील, तर मात्र पायांची संख्या आणि कुठला पाय जॅककडे, कुठला बॅटरीकडे जातो यावरून डेटाशीटशी (चिपच्या कंपनीच्या माहितीपत्रकाशी) ताडून बघावं लागतं. चिपच्या जागी काळा गोल ठिपका असेल तर खरवडू नका. आतल्या तारा केसापेक्षा बारीक असतात, त्या तुटल्या की प्लेअर गेला.

प्रश्न : न उघडता चिप कळते का? – एक वाचक, संकेश्वर (ता. हुक्केरी)

उत्तर : कधीकधी. प्लेअर कॉम्प्युटरला जोडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधला हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडीपुढे (हा कंपनीचा क्रमांक) १०डी६ असेल तर चिप अॅक्शन्स कंपनीची, २२०७ असेल तर रॉकचिप, ०६६एफ असेल तर सिग्माटेल. पण प्लेअर बनवणारे हा क्रमांक बदलू शकतात, आणि कपॅसिटर केवढे आहेत ते यातून कळत नाही. तुम्हालाही खर्जाचीच अडचण असेल तर वरची अॅम्प्लिफायरची चाचणी आधी करा.