आई-वडिलांच्या लग्नाची पंचविशी समुद्रकाठी करताय? आधी एवढं बघा

भाऊ, जळगावहून कोकण म्हणजे अख्खी रात्र गाडीत. पोहोचल्या दिवशीच खास जेवण ठेवू नका. आम्ही ठेवलं, आणि सूप यायच्या आत बाबा खुर्चीत पेंगायला लागले.

हॉटेलात टेबल सांगताना नुसतं 'समुद्राकडचं' म्हणू नका. कठड्यालगतचं, पण वाऱ्याच्या आडोशाला, असं सांगा. आमच्या केकवरची मेणबत्ती चारदा विझली. वेळही महत्त्वाची. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. आठचं टेबल घेतलंत तर समोर नुसता काळोख.

नवखे फसतात ते मासळीत:

- १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्याचा हट्ट नको.
- मेन्यूत किमतीऐवजी 'साइजप्रमाणे' असेल तर मासा आणून दाखवायला सांगा. कल्ले लाल, डोळे फुगीर हवेत. भाव ऐकूनच हो म्हणा.
- पहिल्यांदाच लॉबस्टर नको. सुरमई किंवा पापलेट घ्या, काटे कमी. बांगडा सवयीचा मामला.

घरात माळकरी कुणी असेल तर वेगळा तवा मिळेल का, हे आदल्या दिवशीच विचारा. आणि शेवभाजीचा झणका तिथे शोधू नका. नारळाची आमटी सौम्यच असते. (मी ठेच्याची डबी नेतो, ते सोडा.)

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो. वाइन वगैरेचं पुढच्या खेपेला बघू.