पहिल्या महायुद्धामुळेच ब्रिटनमधील स्त्रियांना मताधिकार मिळाला का?

हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पुरुष आघाडीवर गेल्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यांत, ट्रामगाड्यांवर आणि कचेऱ्यांत लाखो स्त्रिया कामाला लागल्या. टीएनटी हे स्फोटक हाताळणाऱ्या मुलींची कातडी इतकी पिवळी पडे की लोक त्यांना ‘कॅनरी’ (एक पिवळा पक्षी) म्हणत, आणि त्यांचे वेतन मात्र बहुधा पुरुषांपेक्षा कमीच असे. १९१८च्या कायद्याने मत मिळाले ते ३० वर्षांवरील, मालमत्तेची अट स्वतः किंवा पतीच्या आधारे पूर्ण करणाऱ्या स्त्रियांना; म्हणजे कारखान्यांत राबलेल्या बहुसंख्य तरुणी वगळल्याच गेल्या. त्यांना हा हक्क पुरुषांच्या बरोबरीने, २१व्या वर्षापासून, मिळायला १९२८ उजाडले. शिवाय मताधिकाराची चळवळ युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालू होती. (फ्रान्समधील स्त्रियांनीही त्या युद्धात असेच कष्ट उपसले, पण त्यांना मताधिकार १९४४ साली मिळाला.)

युद्ध संपताच, १९१९मध्ये, युद्धपूर्व कामाच्या पद्धती पुन्हा लागू करण्याचा कायदा झाला आणि अनेकींच्या नोकऱ्या परतलेल्या सैनिकांकडे गेल्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने वकिलीसारखे व्यवसाय स्त्रियांना खुले झाले. माझ्या मते अधिक टिकाऊ बदल हाच होता, पण त्याचा लाभ प्रामुख्याने सुशिक्षित मध्यमवर्गाला झाला.