रोमानियात २४ जूनला मुली फुलांची कडी छपरावर का फेकतात? आजही लोक हे मानतात का?

कडं छपरावर टिकलं तर त्या वर्षी लग्न, घरंगळून खाली आलं तर अजून थांबा. तेवढंच हवं असेल तर पुढचं वाचू नका. मला लिहायला बसवलंय ते प्रश्नाच्या शेपटाने. 'आजही मानतात का?' हे माझा मोठा भाऊ कराडहून दर उन्हाळ्यात विचारतो, आणि विचारतानाच हसतो.

माझं सासर रोमानियाच्या उत्तर टोकाला, मारामुरेशमध्ये, इझा नदीच्या खोऱ्यात आहे. आम्ही दोघं नोकरीसाठी क्लुझला राहतो, पण जून ते ऑगस्ट हा तिकडे गवत कापणीचा हंगाम असतो आणि त्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस गावाकडे ओढलं जातं. सून परदेशी आहे म्हणून सूट मिळत नाही.

आधी नावाचं. २४ जूनच्या या सणाला सन्झिएने म्हणतात. सन्झिएने म्हणजे कुरणात जूनअखेर फुलणारं बारीक पिवळं फूल, वास अगदी मधासारखा. त्याच नावाच्या पऱ्याही आहेत, ज्या त्या रात्री शेतांवरून फिरतात, नाचतात, पिकाला भर आणतात आणि कोणी त्यांचा मान ठेवला नाही तर बिघडवतातही. चर्चच्या पंचांगात २४ जून हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा जन्मदिवस. संत वरून आला, पऱ्या होत्या तिथेच राहिल्या, आणि गावात कोणाला त्यात अडचण वाटत नाही. ट्रान्सिल्व्हेनियात मुलींचं कडं गोल आणि मुलग्यांचं क्रुसाच्या आकाराचं. काही गावांत घरातल्या प्रत्येकाच्या नावाने कडं फेकतात, आणि तिथे खाली पडलेलं कडं लग्नाचं बोलत नाही, मरणाचं बोलतं. म्हणून आमच्या सासूबाई फेकूच देत नाहीत, फाटकावर आणि खिडकीला टांगतात. मुली फुलं उशाखाली ठेवतात, म्हणजे स्वप्नात नवरा दिसतो. पहाटेच्या दवाने तोंड धुतात. आदल्या संध्याकाळी आमच्याकडची पोरं टेकडीवर पेटते पलिते गरागरा फिरवतात. आणि मार्चच्या २५ तारखेपासून ओरडणारा कोकीळ या दिवशी गप्प होतो. त्याआधीच गप्प झाला तर त्या वर्षी दुष्काळ. (१९२४ मध्ये रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चने स्थिर सणांच्या तारखा तेरा दिवसांनी सरकवल्या, तेव्हा कोकिळाला कोणी विचारलं नव्हतं.)

दक्षिणेत याच सणाला द्रगायका म्हणतात. दिमित्रिए कान्तेमिर या मोल्दाव्हियाच्या राजाने १७१४ ते १७१६ च्या दरम्यान आपल्या मुलखाचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिलं, त्यात ती आहे: कणसं पिकू लागली की गावच्या मुली आपल्यातली सर्वांत देखणी मुलगी द्रगायका म्हणून निवडतात, तिच्या डोक्यावर कणसांचं कडं घालतात आणि हातात कोठारांच्या किल्ल्या देतात. पिकाची मालकीण म्हणून. बुझाउ शहरात या नावाची जत्रा अजून भरते.

हल्ली २४ जून आणखी एका गोष्टीसाठी गाजतो. २०१३ पासून एका ऑनलाइन गटाच्या पुढाकाराने हा दिवस 'इये'चा, म्हणजे भरतकाम केलेल्या पारंपरिक सदऱ्याचा दिवस म्हणून साजरा होतो. २०२२ मध्ये या सदऱ्याची कला युनेस्कोच्या यादीतही गेली, रोमानिया आणि मोल्दोव्हा दोघांच्या नावावर. छान दिसतं सगळं. फुलांचं कडं, पांढरा सदरा, मागे गव्हाचं शेत. माझं स्पष्ट मत असं की या फोटोंमुळेच तुमच्यासारख्यांना वाटतं की हा सण म्हणजे कडं. त्या दिवसाचा खरा गाभा म्हणजे त्या दिवशी काय *करायचं नाही*, आणि न केलेल्या कामाचा फोटो निघत नाही.

आता मुद्द्याचं, जे माझ्या भावाने मला कधी नीट सांगू दिलेलं नाही.

सन्झिएने हा उन्हाळ्यातला एकटा दिवस नव्हे. त्याच्यामागे २९ जूनचा संत पीटर, जुलैच्या मध्यावर चिरकोवीचे दिवस, २० जुलैला संत इलिये म्हणजे सन्तिलिये, त्याच्या पाठोपाठ संत फोका, २७ तारखेला संत पिन्तिलिये, ६ ऑगस्टला येशूच्या रूपांतराचा सण, मग १५ ऑगस्टची मोठी सान्तामारिया, म्हणजे मरियेचा सण. यातला जवळजवळ प्रत्येक जण कामावर डोळा ठेवून असतो. गवत कापलं तर गारा. कपडे धुतले तर वीज. फोकाच्या दिवशी राबलं तर गंजी पेटणार. जून-जुलै हेच कार्पेथियन डोंगरांत गडगडाटी वादळांचे महिने, त्यामुळे धमकी पोकळ वाटत नाही. सन्तिलिये तर आगीच्या रथातून आकाशात फिरत सैतानांना चाबकाने झोडपतो, त्याचाच गडगडाट. रोमानियाच्या हवाई दलाचा संरक्षक संतही हाच आहे, आणि वायुसेनेचा दिवसही २० जुलैलाच असतो. लढाऊ विमानं उडवणाऱ्यांना चालतं, पण माझ्या सासूबाईंनी मानलं की अडाणीपणा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटे दीर इटलीत बांधकामावर असतात. त्या वर्षी त्यांना नेमकी जुलैत रजा मिळाली होती. वरच्या कुरणातलं गवत कापून, उलटून, वाळून तयार होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस असं हवामान खातं सांगत होतं, आणि आदला दिवस म्हणजे सन्तिलिये. दीर म्हणाले, आज गवत गोळा करून गंजी रचू. सासूबाई म्हणाल्या, "आज मी दाताळं हातात घेणार नाही." दीर म्हणाले, "मग भिजू दे, आणि हिवाळ्यात गाईला देवळातला धूप घाल." मोठं भांडण झालं. सासरे दोन्ही बाजूंनी बोलले आणि मग मधमाश्यांकडे निघून गेले, कारण पोळी कापून मध काढायचा मान या दिवसाचा आहे आणि ते काम मोडत नाही.

दीर एकटे गेले. मी घरी राहिले, हे भावाला अजून पचलेलं नाही. "इंजिनिअर बाई विजेला घाबरून घरात बसली," असं तो सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरला.

मी घाबरून बसले नव्हते. सासूबाईंनी त्या दिवशी उन्हाळी सफरचंदांची टोपली काढली होती. तोवर त्यांनी एकही फळ चाखलं नव्हतं. झाडाखाली खच पडलेला, आम्ही सगळे खातोय, आणि त्या उचलून बाजूला ठेवतायत, हे मी आधीही पाहिलं होतं. मला वाटायचं पोटाला सोसत नसेल. त्या दिवशी त्या टोपली घेऊन शेजारपाजारच्या मुलांना सफरचंदं वाटत गेल्या आणि मला बरोबर नेलं. परत येताना सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी झाली होती, काही महिन्यांची होऊन गेली. जिचं मूल गेलंय तिने सन्तिलियेच्या आधी सफरचंद खायचं नसतं. खाल्लं तर वरती सगळ्या मुलांना फळ वाटताना तिच्या मुलाला मिळत नाही. घरात त्या मुलीचा एकही फोटो नाही, नवरा तिच्याबद्दल कधी बोललेला नव्हता. वर्षातून एक दिवस, टोपलीभर सफरचंदांच्या निमित्ताने, ती बाई आपल्या मुलीचं नाव मोठ्याने घेऊ शकते. घेणाऱ्या मुलाने ते ऐकायचं आणि देवाने ते स्वीकारावं असं म्हणायचं.

आम्ही ओसरीवर बसलो तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. त्या पोरवयाच्या होत्या तेव्हा गवताचा हंगाम सप्टेंबरपर्यंत चालायचा. पुरुष लांब दांड्याचा विळा चालवायचे, आणि उलटणं, ओढणं, वाहणं बायकांचं, वर घरी येऊन दूध, भाकर, धुणं. १९४८ मध्ये सरकारने ग्रीक-कॅथलिक चर्चवर बंदी आणली, त्यांच्या गावाचं देऊळ एका रात्रीत ऑर्थोडॉक्स झालं. पाद्री बदलला, प्रार्थना बदलली, संतांचे दिवस मात्र कोणी हलवू शकलं नाही. "बाप ऐकायचा नाही, सासू ऐकायची नाही," त्या म्हणाल्या, "पण गारांना दोघंही घाबरायचे."

हे मी भावाला सांगायला गेले तर त्याचं एकच: "मग दिराच्या गवतावर वीज पडली का?"

नाही पडली. संध्याकाळपर्यंत आकाश स्वच्छ होतं, दिरांनी अर्ध्याहून जास्त गवत रचलं, आणि दुसऱ्या दिवशी पाऊसही जेमतेम शिंतडला. पण गंजी एकट्याने नीट रचता येत नाही, एक जण वर उभा राहून तुडवतो आणि दोघं खालून देतात. एरवी हाक मारली की शेजारचे चौघे येतात. त्या दिवशी कोणी आलं नाही, आणि घरात चूलही त्यांच्यासाठी पेटली नाही. पंधरा दिवसांच्या रजेसाठी आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी एकटा राबला आणि थंड पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, खाऊन झोपला. विजेची गरज काय मग?

दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, तर आता ऐकच. नागपंचमीला आपल्या घरात विळी उभी राहत नाही, तवा चढत नाही, नांगर निघत नाही. नागाला लागेल म्हणून. वहिनी त्या दिवशी पुरणाची दिंडं उकडतात आणि तू सहा-सात उडवतोस. आई पंचमीला माहेरी जायची आणि दोन दिवस झोक्यावरून उतरायची नाही. तो दिवस तिला आण्णांनी दिला नव्हता, नागाने दिला होता. तू शाळेत विज्ञान मंडळात होतास, तेव्हा नागाला जीभ दुभंगलेली का असते ते सांगायचास, पण आईची रजा कोण मंजूर करतं हे कधी विचारलं नाहीस.

(हे सगळं भारतातूनच तिकडे गेलं, असं म्हणणारे एक काका आमच्या ग्रुपवर आहेत. त्यांना उत्तर देणं मी सोडलंय. कष्टाची शेती जिथे आहे तिथे काम अडवणारा कोणी ना कोणी लागतोच, त्यासाठी कोणाला कुठून प्रवास करावा लागत नाही.)

आता थोडं हातचं राखून. मी मारामुरेशच्या एका खोऱ्याबद्दल बोलतेय. शहरात फार कोणी हे पाळत नाही, २० जुलैला क्लुझमधली वॉशिंग मशीनं बिनधास्त फिरतात, माझंही. गोडवेच गायचे असंही नाही. गारा पडल्या की कोणत्या बाईने त्या दिवशी धुणं वाळत घातलं होतं, याची चौकशी व्हायची, आणि ती बहुतेक वेळा विधवा किंवा बाहेरून आलेली असायची. सासूबाईंनीच हे सांगितलं. दिरांना वाळीत टाकणं मला तेव्हाही आवडलं नाही. रजा संपत आलेल्या माणसाने काय करायचं याचं उत्तर संतांकडे नाही.

बघायला जायचं असेल तर २४ जूनच्या आसपास बुखारेस्टच्या ग्राम संग्रहालयात कार्यक्रम असतात, फोटो चांगले येतात. डोंगरातली गर्दी हवी असेल तर अपुसेनी पर्वतात गइना डोंगरावर 'मुलींची जत्रा' भरते, सन्तिलियेच्या जवळच्या रविवारी. मोल्दोव्हा देशात अनेक गावं जुन्या पंचांगाने चालतात, तिथे सन्झिएने ७ जुलैला येते, म्हणजे एक चुकली तर दुसरी गाठता येईल. आणि कोणाच्या घरी उतरणार असाल तर २० जुलैला कपडे धुवायला काढू नका. सफरचंद कोणी पुढे केलं तर नाही म्हणू नका, घ्या, आणि कोणाच्या नावाने दिलं ते विचारा. विचारलेलं त्यांना आवडतं.