सुटलेल्या बंद्यांचे पुनर्वसन खासगी कंपन्यांकडे सोपवावे का?

आपला प्रश्न असा आहे की इंग्लंडने 2014 साली परिवीक्षेचे (प्रोबेशनचे, म्हणजे तुरुंगाऐवजी किंवा सुटकेनंतर गुन्हेगारावर देखरेख ठेवून त्याला मार्गावर आणण्याचे) बरेचसे काम खासगी कंपन्यांना दिले, तसे भारतात केल्यास तुरुंगातून सुटलेल्यांचे पुनर्वसन सुधारेल का, आणि पोलिसांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन काम करण्याचा त्यात कितपत उपयोग होईल. मी ग्वाल्हेरमध्ये फौजदारी वकिली करतो आणि विधिसाहाय्याची प्रकरणेही चालवतो. माझे मत असे की हा प्रयोग आपल्याकडे करू नये. मात्र त्याच्या अपयशातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे काम 35 स्थानिक न्यासांकडे होते. जून 2014 मध्ये ते मोडून सेवेचे दोन तुकडे करण्यात आले. ज्यांच्यापासून अधिक धोका आहे असे गुन्हेगार सरकारी सेवेकडे राहिले आणि कमी व मध्यम धोक्याचे 21 कंपन्यांकडे गेले. पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण किती घटले यावर कंपन्यांच्या मोबदल्याचा काही भाग ठरणार होता. पुढच्याच वर्षी 12 महिन्यांपेक्षा कमी शिक्षा झालेल्यांनाही सुटकेनंतर वर्षभर देखरेखीखाली आणले गेले. हा निर्णय मला मनापासून पटतो, कारण दोन-चार महिन्यांची शिक्षा माणसाची नोकरी आणि भाड्याची खोली घालवण्यास पुरेशी असते. परंतु कंपन्यांकडे अपेक्षेपेक्षा कमी प्रकरणे आली, उत्पन्न घटले, त्यांनी माणसे कमी केली, आणि ज्याला समोर बसवून विचारपूस करायला हवी होती त्याला काही ठिकाणी अधूनमधून केवळ एक फोन येऊ लागला. सुटकेआधीच्या शेवटच्या 12 आठवड्यांत घर, काम आणि कर्ज यांची सोय लावण्याचे कामही बहुतांशी आराखडा लिहिण्यापुरते उरले. 2019 मध्ये मुख्य निरीक्षक ग्लेनिस स्टेसी यांनी ही रचना दुरुस्तीपलीकडे सदोष असल्याचे नोंदवले आणि जून 2021 मध्ये सगळे काम पुन्हा एका सरकारी सेवेत आणण्यात आले. पैशाचा हिशेब चुकला हे खरेच. पण त्याहून मोठी चूक मला ही वाटते की धोक्याचे मोजमाप बदलले की माणूस एका संस्थेकडून दुसरीकडे जाई आणि त्याला ओळखणारा अधिकारी सुटून जाई.

आपल्याकडे ओळखणारा अधिकारी मुळातच नसतो. 1958 चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आजही वाचताना मला आदर वाटतो. दोषी ठरलेल्या 21 वर्षांखालील व्यक्तीला, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि तरीही कारावास दिला तर कारणे लिहावीत, असे कलम 6 सांगते. कलम 14 प्रमाणे घरची परिस्थिती पाहणे, देखरेख ठेवणे आणि गरज पडल्यास काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणे ही त्या अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. प्रत्यक्षात काय होते ते एका प्रकरणावरून सांगतो. मारामारीत समोरच्याचे मनगट मोडल्याबद्दल दोषी ठरलेल्या वीस वर्षांच्या मुलाचा अहवाल आला तो अर्ध्या पानाचा. वडिलांचे नाव चुकलेले आणि खाली ‘आचरण सामान्य’ एवढाच शेरा. अधिकाऱ्याकडे आणखी एका जिल्ह्याचा कार्यभार असल्याने तो त्या घरी गेलाच नव्हता. मुलाची आई ज्या वायरिंगच्या ठेकेदाराकडे तो कामाला जाई त्याला घेऊन आली. ठेकेदाराच्या पिशवीत हजेरीची वही होती, तेलकट बोटांचे डाग पडलेली, आणि तिच्यात त्या मुलाच्या नावापुढे महिनोन्‌महिने जवळजवळ सलग खुणा होत्या. न्यायाधीशांनी ती वही शांतपणे चाळली, अहवाल पुन्हा मागवला आणि अखेरीस त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले.

बंधपत्राच्या मुदतीत परिवीक्षा खात्याकडून त्याची चौकशी करायला कोणीही आले नाही. पोलीस ठाण्याने मात्र त्याचे नाव नजर ठेवण्याच्या आपल्या यादीत घातले, आणि दर सणाच्या आधी शिपाई त्याला बोलवायला कामाच्या जागी जाऊ लागला. गिऱ्हाईक कुरकुर करते म्हणून त्याच ठेकेदाराने त्याला कामावरून कमी केले. जे काम मिळवून देणे कायद्याने एका अधिकाऱ्याचे कर्तव्य मानले, तेच दुसऱ्या खात्याच्या दैनंदिन सवयीने गेले, आणि यात कोणी नियमाबाहेर वागले असेही म्हणता येत नाही.

मध्यप्रदेशात 1954 चा आणखी एक कायदा आहे, ज्याखाली दीर्घ शिक्षेचा बंदी एखाद्या पालकाच्या देखरेखीखाली लायसन्सवर, म्हणजे अटींच्या परवान्यावर, मुदतीआधी सुटू शकतो. कल्पना फार चांगली आहे. अडचण येते ती पालक शोधताना आणि ‘गावात विरोध आहे’ या एका ओळीच्या अभिप्रायावर अर्ज अडकतो तेव्हा, कारण विरोध कोणाचा आणि कशामुळे हे गावात बसून विचारणारा कोणीच नसतो.

विचारणारे होते तेव्हा काय घडले हे आमच्या चंबळच्या मुलखाने पाहिले आहे. 1960 मध्ये विनोबा भिंड-मुरैन्याच्या भागातून पायी फिरले आणि डाकूंच्या एका तुकडीने त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. 1972 च्या एप्रिलमध्ये जौऱ्याच्या गांधी सेवाश्रमात जयप्रकाश नारायण आणि गांधीवादी कार्यकर्ते सुब्बाराव यांच्या पुढाकाराने डाकूंचे मोठे समर्पण झाले, आणि पुढे मुंगावलीला त्यांच्यासाठी खुले, म्हणजे कमी बंदोबस्ताचे, कारागृह उघडले गेले. त्याही आधी, 1939 मध्ये, औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत वसवली होती. चंबळमध्ये सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरची माणसे मारली गेली त्यांच्याकडे फार कमी लक्ष दिले गेले. तरीही शस्त्रे ठेवण्यापूर्वी जे लोक बोलायला गेले होते त्यांनीच नंतर कुटुंबांशी संबंध ठेवला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

म्हणून पोलिसांबाबत माझे म्हणणे असे आहे. भिवंडीत 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली झाल्या. तिथेच पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पोलीस आणि रहिवासी यांच्या मोहल्ला समित्या बांधल्या आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस वस्तीत बसून ऐकू लागले तर केवढा फरक पडतो याचा तो पुरावा आहे. आमच्याकडे नगर रक्षा समित्या आहेत, पण त्यांचे काम बहुतेक बंदोबस्ताला हातभार लावण्याचे असते. सुटून आलेल्या माणसाला काम देणाऱ्या दुकानदाराची भीती घालवणे, पीडित कुटुंबाला सुटकेची आगाऊ कल्पना देणे, ही कामे अशा समितीने करावीत. देखरेख मात्र परिवीक्षा अधिकाऱ्याकडेच असावी, आणि तो ज्याच्यावर देखरेख ठेवतो त्याला ठाण्याने हजेरीला बोलावण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याला विचारले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली आहे. पहिल्याच वेळी पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी करून माल परत करणाऱ्यालाही आता ती मिळते, पण ती कोणाच्या नजरेखाली करून घ्यायची याची यंत्रणा संहितेने उभी केलेली नाही. ते कामही याच अधिकाऱ्याकडे येणार असेल तर पदे वाढवावीच लागतील.

आपण समाजकार्याचे विद्यार्थी आहात असे लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यात कलम 6 खाली गेल्या वर्षी किती अहवाल मागवले गेले, किती मुदतीत आले आणि परिवीक्षा अधिकाऱ्याची किती पदे भरलेली आहेत, एवढी माहिती माहितीच्या अधिकारात मागवा, आणि शक्य असेल तर त्यांतल्या पाच-सहा जणांना घरी जाऊन भेटा.