वाचकांचे प्रश्न : पावणेदोन वर्षांची लेक आणि मे महिन्याचे कोकण

या खेपेच्या टपालात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची निघाली. सुट्टीत मूळ गावी जायचे आहे, घरात कार्ये आहेत, आसपास फिरायचेही आहे आणि सोबत दीड-दोन वर्षांचे मूल आहे. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमची लेक पावणेदोन वर्षांची आहे. मे महिन्यात बारा दिवसांसाठी गुहागर तालुक्यातील घरी जात आहोत. तिचे जावळ काढायचे आहे, चुलत नणंदेचे लग्न आहे, ग्रामदेवतेची ओटी भरायची आहे. माझ्या नवऱ्याला गणपतीपुळे, जयगड आणि मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला एवढे तरी दाखवायचेच आहे. सासूबाई म्हणतात की, आलात तसे चार घरी जेवायला जायलाच हवे. हे सारे कसे बसवावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : सारे बसणार नाही, हे आधी मान्य करावे आणि प्रवासाला निघण्यापूर्वीच घरात सांगून टाकावे, तेथे पोहोचल्यावर सांगितले की त्याचा रुसवा होतो. बारा दिवसांतील दोन प्रवासाचे, म्हणजे हाती दहा राहिले. मे महिन्यात किनाऱ्यावर दिवसाचे दोनच तुकडे लहान मुलाच्या कामाचे असतात : सकाळी साडेदहापर्यंतचा आणि दुपारी साडेचारनंतरचा. मधली वेळ माजघरातल्या गार जमिनीवर झोपण्याची आहे. ती झोप मोडली की संध्याकाळही हातची जाते, हे आपण अनुभवले असेलच. म्हणून एका दिवसाला एकच कार्यक्रम ठेवावा आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठेवू नये.

जावळ लग्नाच्या गर्दीत उरकून घेण्याचा मोह होतो, कारण मामा आणि सारे आप्त आयतेच जमलेले असतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. मूल मामाच्या मांडीवर बसलेले, समोर अनोळखी माणूस वस्तरा घेऊन उभा आणि भोवती वीस जणांचा गलका, असे झाले की ते मान झटकते, आणि कापले जाण्याची भीती तेथेच असते. लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी सकाळी, झोप आणि न्याहारी झाल्यावर, पडवीत चार माणसांत जावळ काढावे, वस्तऱ्याला नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यावे आणि त्याच सकाळी देवीची ओटी भरून मोकळे व्हावे. तुळतुळीत डोक्याला ऊन फार लवकर लागते, तेव्हा पातळ सुती टोपी आधीच घेऊन ठेवावी.

लग्नाच्या दिवशी मूल कोणाकडे, याची पाळी नवरा-बायकोने तासांनुसार ठरवून घ्यावी. ‘सगळेच बघताहेत’ अशा घरात नेमके कोणीच बघत नसते. कर्ण्याच्या तोंडाशी बसू नये आणि मुलीचा मऊभात घरूनच डब्यात न्यावा.

मालवण या खेपेला सोडून द्यावे. गुहागरहून तेथे जायला रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या पुढे अंतर आहे आणि पुढे धक्क्यावरून होडीने किल्ला गाठायचा असतो. १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले तो किल्ला, त्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणखी पाच वर्षांनीही तेथेच असतील, आणि तेव्हा भर समुद्रात गोडे पाणी कसे, हा प्रश्न आपली लेक स्वतः विचारील. गणपतीपुळ्याला मात्र जरूर जावे, आणि तेही तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीने. गाडीसकट माणसे घेऊन बोट सुटते, लोखंडी फळी वर उचलली जाते, खाडीचा वारा लागतो, इंजिनाची धडधड पायांना जाणवते. दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी सहल ती हीच, आणि देवळापर्यंत पोहोचताना ते झोपले तरी काही बिघडत नाही. माझा मुलगा दोन वर्षांचा असताना मी त्याला मार्लेश्वरच्या पायऱ्यांवरून अर्धा वेळ कडेवर घेऊन गेले होते. परतल्यावर आजोबांनी काय पाहिले म्हणून विचारले, तर त्याने पायथ्याच्या चहाच्या टपरीमागे बांधलेली शेळी तेवढी सांगितली.

जेवणाच्या चार घरांपैकी दोन घरच्यांना आपल्याच घरी संध्याकाळी पन्ह्याला बोलवावे. सासूबाईंचा मानही राहतो आणि मूल आपल्या अंथरुणाजवळ राहते.

प्रश्न : मुंबईहून कणकवलीला जायचे आहे. मुलगा दोन वर्षांचा आहे आणि गाडीत त्याला उलट्या होतात. रेल्वे बरी की स्वतःची गाडी? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रेल्वे, निःसंशय. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे सुरू झाली. त्याआधी ज्यांनी एस. टी.ने कशेडी आणि परशुराम घाट कडेवर मूल आणि हातात पिशवी धरून उतरले आहेत, त्यांना हा प्रश्न पडतच नाही. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, मात्र त्याला वेगळी जागाही मिळत नाही, हे लक्षात ठेवून शक्य तर खालचा बाक मागावा. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि मे महिन्याच्या जागा फार लवकर संपतात. रात्रीची गाडी झोपेच्या दृष्टीने सोयीची वाटते खरी, पण नव्या जागी रात्री जागणारे मूल असेल तर मांडवीसारखी दिवसाची गाडी बरी. बोगद्यांपाशी एकदम अंधार होऊन आवाज वाढतो, त्याला काही मुले घाबरतात. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तेव्हा त्या वेळी मुलाला जवळ घेऊन बसावे.

स्वतःची गाडी नेणे भागच असेल तर पहाटे निघावे, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब ठेवू नये, कोरडी भाकरी किंवा पोळीचा तुकडा द्यावा, दूध टाळावे आणि घाटात हातात चित्रांचे पुस्तक किंवा मोबाइल मुळीच देऊ नये. उलटीवरचे औषध डॉक्टरांनी वजन पाहून सांगितल्याशिवाय देऊ नये. गाडी उन्हात उभी करून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणत मुलाला आत ठेवणे हे तर कधीच नाही, काच बोटभर खाली असली तरीही.

प्रश्न : आमच्या घरापासून समुद्र पाच मिनिटांवर आहे. लहान मुलीला पाण्यावर नेण्याची योग्य वेळ कोणती? — एक वाचक, हर्णै

उत्तर : आपण किनाऱ्यावर राहत असूनही घड्याळ पाहून विचारता, याची गंमत वाटली, आपल्या आजोबांनी पंचांग पाहिले असते. ज्या दिवशी जायचे त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि पहाटेही तीनच्या सुमारास. तेथून सहा तासांनी ओहोटी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्याचेच हे सोपे गणित आहे.

यावरून आपल्या कामाचे असे : चतुर्थीला संध्याकाळी साडेपाचला पाणी मागे हटत असते, ती वेळ चांगली. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती पूर्ण असते, वाळूची पट्टी अरुंद उरते, तेव्हा त्या दिवशी लांब बसून लाटा दाखवाव्यात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असले तरी संध्याकाळी पाचच्या पुढे ओहोटी लागलेली असते आणि पुळण दूरवर उघडी पडते; पण उधाणाचे पाणी परतते तेही जोमाने, म्हणून दिवेलागणीच्या आत मागे फिरावे.

मूल घोट्याएवढ्या पाण्यापुढे नेऊ नये आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे. बुडणारे मूल ओरडत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याचा उतार एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, तेथे मोठ्यांनीही पाण्यात उतरू नये. खरे तर इतक्या लहान मुलांना लाटांची हौस नसतेच. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर बारीक खेकडे मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी घालून ठेवतात आणि पावलाची चाहूल लागताच बिळात शिरतात. त्या बिळांपाशी उकिडवे बसलेले मूल पाव तास जागचे हलत नाही.

प्रश्न : नातू दीड वर्षाचा आहे. सून त्याला अंगणात अनवाणी सोडू देत नाही, आंबा बेताने देते, काजू तर देतच नाही. आमची मुले याच मातीत वाढली. आजकालच्या आयांना कोकणाचीच भीती वाटते का? — एक आजी, राजापूर

उत्तर : आजी, आपले निम्मे बरोबर आहे आणि सुनेचेही निम्मे. मातीला भिण्याचे कारण नाही. आंबा द्यावा, मात्र देठाशी चीक असतो तो लहानग्यांच्या ओठांना आणि हनुवटीला भाजतो, म्हणून आंबा तासभर पाण्यात ठेवून, देठाकडचा भाग काढून, रस काढून द्यावा. काजूच्या बाबतीत मात्र सुनेचे पूर्ण ऐकावे. अख्खा काजू, शेंगदाणा, करवंदाची किंवा जांभळाची बी, फणसाची आठळी आणि बरक्या फणसाचा बुळबुळीत गरा हे सारे श्वासनलिकेत अडकणारे जिन्नस आहेत. चार-पाच वर्षांपर्यंत काजू वाटून खिरीतच द्यावा. ओल्या काजूच्या बोंडाशी खेळू देऊ नये, कारण टरफलातील तेलाने कातडी भाजते.

अनवाणी सोडण्याबाबत थोडे सविस्तर लिहिते, कारण खरा धोका समुद्रावर किंवा उन्हात जितका, तितकाच आपल्या परसात असतो आणि तो रोजच्या सवयीचा असल्याने दिसत नाही. उन्हाळ्यात चिऱ्यांच्या राशी, गडगे, लाकडांचा माच आणि कौले यांच्या फटींत लाल विंचू असतो. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण विषाने हा लहानसा लाल विंचू अधिक घातक, आणि लहान मुलांच्या हृदयावर त्याचा परिणाम होतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण कोकणात राहून या दंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. त्यामुळे पूर्वी हातची जाणारी किती तरी मुले वाचू लागली. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मुलाला दंश झाला, त्याला घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र, दोरी बांधणे किंवा चीर देणे यांत वेळ घालवू नये, १०८ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

तेव्हा सारवलेल्या खळ्यात नातवाला खुशाल अनवाणी फिरू द्यावे. गडग्याशी आणि लाकडांपाशी नको. वहाणा आणि वळणीवरचे कपडे झटकून घालावेत, रात्री मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी. आणि एक गोष्ट आपणच घरच्यांकडून करवून घ्यावी : परसातील विहिरीला कठडा नसेल तर नातू येण्यापूर्वी तिच्यावर जाळी बसवावी आणि न्हाणीघरातील बादल्या रात्री पालथ्या घालाव्यात. दीड वर्षाच्या मुलाला बादलीभर पाणीही पुरते.

सोलकढीचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे. मिरची-लसूण न घातलेली वाटीभर द्यायला हरकत नाही.

प्रश्न : प्रवासात जुलाब झाले तर? — एक वाचक, पेण

उत्तर : क्षारसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवावीत. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदाच पूर्ण मिसळावे, अर्धे-अर्धे करू नये, आणि उरलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने द्यावे. अंगावरचे दूध आणि आटवल चालू ठेवावी. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त गेले तर डॉक्टरांकडे न्यावे. लसीकरणाचे कार्ड पिशवीच्या वरच्या कप्प्यात असू द्यावे.

जाता जाता, चिपळूणच्या एका वाचकाने विचारले आहे की, मुलाचा दुसरा वाढदिवस ८ जूनला गावच्या सभागृहात रात्री आठ वाजता दीडशे माणसांत करावा का. रात्री आठला मूल झोपेला आलेले असते, आणि त्या दिवसांत पहिला पाऊस पडून वीज जाण्याचा संभव मोठा असतो. सकाळी दहाला घरच्या पडवीत, चार शेजारची मुले बोलावून करावा. शहरातून आणलेला क्रीमचा केक गावी पोहोचेपर्यंत पातळ होतो. त्याऐवजी घरी फणसाचे सांदण ताटभर उकडावे. मेणबत्ती त्यावर चांगली उभी राहते.